कोटात राहिलेली सुई

२८ सप्टेंबर, रविवार

ही वही लेकीने आणून दिली. म्हणाली, "आई, एकटीच बडबडत बसतेस. त्यापेक्षा लिहीत जा." मी एकटी बडबडत नाही, ह्यांच्याशी बोलते. पण ते तिला सांगून काय उपयोग? वही बरी आहे. रेघा ठळक आहेत.

बुधवारपासून मी नोकरीला जाणार. मोठ्या रुग्णालयाच्या कपड्यांच्या कोठारात फाटक्या चादरी शिवायच्या. जावयांनी दहा जणांना भेटून जमवलं. गळ्यात फोटोचं कार्ड, बसायला खुर्ची, रविवारी सुट्टी. तीन महिने काम बघणार, पटलं तर एक जानेवारीपासून कायम. पण त्या तीन महिन्यांत एकही खाडा चालणार नाही. लेक म्हणाली, "फुटपाथची धूळ खाणं पुरे झालं आता. बाबांची जागा, बाबांची जागा, म्हणून किती दिवस बसशील?"

जागा तरी कसली? बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या दोन पायऱ्या. खालच्या पायरीवर बसून ह्यांनी सव्वीस वर्षं रफू केलं. उजव्या हाताला चावीवाले बसतात. त्यांचं मशीन दिवसभर किरकिरत असतं, आणि ते थांबलं की चावीवाल्यांचं तोंड सुरू होतं. हे गेल्यावर महिन्याभराने मी तिथे बसायला लागले. हात ह्यांच्याकडूनच शिकलेला होता. गिऱ्हाईक कमी झालं, पण अगदीच तुटलं नाही.

आता कोटाचं लिहायला हवं. फेब्रुवारीत मी नेहमीप्रमाणे दुपारी डबा घेऊन गेले. हे भिंतीला डोकं टेकून बसले होते, मांडीवर काळसर राखाडी कोट, सुई कापडातच. चावीवाल्यांचं मशीन बंद होतं. मला बघून ते तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "वहिनी, हळू. दादांचा डोळा लागलाय." दादांची झोपमोड नको म्हणून तासभर त्यांनी मशीन बंद ठेवलं होतं.

कोट कुणाचा ते मला माहीत नाही. ह्यांना लिहिता येत नव्हतं. चेहरा हीच पावती. भोक नाण्याएवढं, सिगारेटने पडलेलं असावं. उभे धागे सगळे भरून झालेत, आडवे निम्मे झालेत. अकरा धागे राहिलेत. मी मोजलेत. ते अकरा धागे ह्यांनी कोटाच्याच आतल्या शिवणीतून काढून काडेपेटीत ठेवले होते, कारण कापडाला कापडाचाच धागा लागतो. सुई अजून तिथेच आहे. मी हात लावलेला नाही.

थंडी पडली की कोटवाला येईलच. त्याच्या आत ते काम पुरं करायला हवं. करीन.

१ ऑक्टोबर, बुधवार

कोठार तळघरात आहे, पण उत्तरेला एक मोठी खिडकी आहे. आम्ही पाच बायका. साहेबीण एकच, तिला सगळ्या मागे शिक्केवाली म्हणतात. शिवलेली प्रत्येक चादर ती बघते आणि कोपऱ्यात शिक्का मारते. दिवसाला तीस शिक्के पडले पाहिजेत.

मी नऊ चादरी केल्या. नवखी म्हणून चालेल असं वाटलं होतं. संध्याकाळी शिक्केवालीने त्या खिडकीसमोर धरल्या, उलट केल्या, सुलट केल्या आणि म्हणाली, "ह्यातली एकही फाटलेली नाही."

"शिवल्यात मी, मॅडम."

"कुठे?"

मी शोधायला गेले. दोन ठिकाणं सापडली. बाकीची मलाच सापडेनात. बायका फिदीफिदी हसायला लागल्या.

"बाई, तुम्ही चांगल्या चादरी वेचून बाजूला ठेवल्यात आणि दिवसभर बसून राहिलात, असं मी समजू का?"

सव्वीस वर्षं ह्या घरात एकच शिकवण होती, केलेलं दिसता कामा नये. माझ्या शेजारची, जिला सगळ्या मावशी म्हणतात, ती म्हणाली, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"इथे उघडी मूठ लागते," शिक्केवाली म्हणाली. "दिसलं तर शिक्का, नाही तर नाही. उद्यापासून लाल दोरा घ्या."

आजचे शिक्के दोन.

५ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. जागेवर गेले. बघते तर काय, चावीवाल्यांनी किल्ल्यांचा फळा माझ्या पायरीवर उभा केलेला आणि वर आपली पिशवी अडकवलेली. चार दिवस पाठ फिरली नाही तर बोट दिल्यावर हात धरायला निघाले.

"भावजी, ही जागा माझी आहे ना?"

"तुमचीच आहे की, वहिनी."

"मग हा फळा?"

"इथे ऊन चांगलं येतं. किल्ल्या चमकतात."

किल्ल्यांना ऊन कशाला लागतं? मी पिशवी घेऊन पायरीसमोर उभीच राहिले. त्यांनी फळा काढून घेतला. कोट पिशवीत होता, तो मांडीवर घेतला. सुईकडे नुसती बघत बसले. तीन गिऱ्हाइकं आली, त्यांची कामं केली आणि कोट पुन्हा पिशवीत ठेवला.

चावीवाल्यांना सांगून ठेवलंय, कुणी कोटाची चौकशी केली तर थांबवून ठेवा म्हणून.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज एकतीस शिक्के. लाल दोरा, लांब लांब टाके, आंधळ्यालाही दिसतील असे. शिक्केवाली म्हणाली, "आता कसं!" मला अंगावर फाटकं घालून रस्त्यावर फिरल्यासारखं वाटलं.

पण खुर्ची चांगली आहे, पाठ दुखत नाही. हेही लिहायला हवं.

२६ ऑक्टोबर, रविवार

फळा पुन्हा माझ्या पायरीवर. ह्या खेपेला तिथे चावीवाल्यांचं स्टूलसुद्धा आहे. म्हणजे आठवडाभर ते माझ्या जागेवर बसतात आणि त्यांची स्वतःची जागा रिकामी राहते. ह्याला काय म्हणावं?

त्यांचा ओठ फाटलेला होता, वर टाका घातलेला. विचारलं तर म्हणाले, "शटर लागलं." शटर तोंडाला कसं लागतं ते त्यांनाच ठाऊक. धांदरट माणूस. समोरच्या फुटपाथवर एक नवा पट्टेवाला बसायला लागलाय, खांद्यावर कमरेचे दहा-बारा पट्टे विकायला टाकून. तो दिवसभर आमच्याकडे डोळे वटारून बघत होता. मी चावीवाल्यांना म्हटलं, "त्याला इकडेच बोलवा की, सावली आहे." त्यांना एकदम ठसका लागला.

कोटवाला आला नाही. अजून उकाडाच आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

मला कुणी शाळेत घातलं नाही. लेक पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकामागे मीही बसले. तिच्या मागे मागे सातवीपर्यंत पोचले. आठवीत ती दार लावून अभ्यास करायला लागली, तिथे माझं शिक्षण संपलं. त्यापुढचं रद्दीतून. कपडे बांधून आलेले कागद मी टाकत नसे. दुपारी हे जेवले की म्हणत, "वाच." मी वरच्या पायरीवर बसून वाचायची, खालच्या पायरीवर ह्यांची सुई चालायची. अर्धवट फाटलेल्या बातम्या, गोष्टींची मधलीच पानं. गोष्टीचा शेवट पुढच्या कागदावर गेलेला असला तर हे म्हणत, "रफू कर." मग मी मनाने शेवट जोडायची. एकदा मी एका खुन्याला निर्दोष सोडून दिलं. हे म्हणाले, "टाका दिसतोय."

त्या वेळी चावीवाल्यांचं मशीन बंद असायचं. दुपारी त्यांना गिऱ्हाईक नसायचं बहुतेक.

आता घरी वाचते, पण मनातल्या मनात. फेब्रुवारीपासून मोठ्याने एक ओळ वाचलेली नाही. कुणासाठी वाचू?

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठले तर खिडकीच्या काचेवर वाफ होती. सहा आठवडे थंडीची वाट बघत होते. ती आली तर तिला परत पाठवावंसं वाटलं.

मनात येतं ते लिहूनच टाकते. कोटवाला येऊ नये. गावी गेला असेल, नवा कोट घेतला असेल, विसरला असेल. तर बरं होईल. ह्यांनी रफू केलेले कपडे ह्या शहरात किती जणांच्या अंगावर असतील, त्याला गणती नाही. मी रस्त्याने चालताना लोकांच्या बाह्या बघते, पाठी बघते. काही दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तर केलेलं होतं. ह्यांच्या हाताचं मला दिसेल असं जगात एकच काम आहे, आणि ते दिसतंय कारण ते अर्धं राहिलंय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लेकीकडून निरोप आला, जावई विचारत होते, काम जमतंय ना? जमतंय म्हणून कळवलं. पस्तीस शिक्के.

३० नोव्हेंबर, रविवार

कोटवाला येऊन गेला.

गुरुवारी आला होता. चावीवाल्यांनी सांगितलं. नेहमी पाल्हाळ लावणारा माणूस, पण आज एकेक शब्द मोजून बोलत होता. कोटवाला ड्रायव्हर आहे, कुणाच्या तरी घरची गाडी चालवतो. फेब्रुवारीत मालकाची बदली झाली, त्याला एका दिवसात परगावी जावं लागलं. आता मालकाच्या कामासाठी आलाय. येत्या शनिवारी सकाळी दहाला कोट न्यायला येणार आणि दुपारी गाडी घेऊन परत जाणार.

"ह्यांचं सांगितलंत त्याला?"

"नाही, वहिनी. जीभ वळली नाही. म्हटलं, दादा आज नाहीत."

"बरं केलंत."

"शनिवारी तुमचं काम असतं. कोट माझ्याकडे द्या, मी देतो त्याला. कशाला नोकरीवर पाणी सोडता?"

बरोबरच बोलले. एका सकाळसाठी दोन महिन्यांची मेहनत घालवायची? लेक काय म्हणेल, जावयांनी ज्यांच्यापुढे हात जोडले ते काय म्हणतील? कोट चावीवाल्यांच्या हाती दिला की झालं.

आणि ते अकरा धागे?

२ डिसेंबर, मंगळवार

शिक्केवालीला विचारलं. शनिवारी सकाळचे फक्त दोन तास.

"कुणी आजारी आहे का?"

"नाही. एकाला कोट द्यायचाय."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझी लाज वाटली. "बाई, एक खाडा पडला की तीन महिने पहिल्यापासून. नियम मी केलेला नाही. आणि तोवर तुमच्या जागेवर दुसरी कुणी येऊन बसेल."

जागेवर दुसरी कुणी. इथेही तेच, तिथेही तेच.

मावशी म्हणाली, "आजारी आहे म्हणून सांगायचं होतंस, वेडे. तुला खोटं बोलतासुद्धा येत नाही?" येत नाही असं नाही. त्या वेळी सुचलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्यावर शिक्केवाली माझ्याकडे आली. कागदात गुंडाळलेलं काहीतरी तिने टेबलावर ठेवलं. पांढरी लोकरी शाल, कडेला उंदराने कुरतडलेली.

"आईची आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी गेली." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "हे मात्र दिसता कामा नये."

मला हसू आलं. तिलाही आलं असावं, पण तिने खोकून घालवलं.

"लाल दोरा नको ना, मॅडम?"

"जास्त बोलू नका."

त्याच सुट्टीत आणि संध्याकाळी काम सुटल्यावर, दोन बैठकांत झालं. शालीच्याच झालरीतला धागा काढून भरलं. शाल तिच्या हातात दिली. तिने खिडकीशी धरली, उलटी केली, सुलटी केली, पहिल्या दिवशी चादरी बघितल्या होत्या तशीच. मग कड गालाला लावली.

"कुठे होतं?"

मी म्हटलं, "ते सांगायचं नसतं." ह्यांचा नियम. गिऱ्हाइकाला भोकाची जागा दाखवायची नाही. एकदा दाखवली की त्याला जन्मभर तीच दिसत राहते.

जाता जाता शिक्केवाली म्हणाली, "शनिवारी नऊ ते बारा तुम्ही वरच्या लॉन्ड्रीत गठ्ठे मोजायला जाणार आहात. मी तसं लिहून ठेवलंय."

५ डिसेंबर, शुक्रवार

काल आणि आज, दोन्ही दिवस जेवणाच्या सुट्टीत कोट घेऊन खिडकीशी बसले. डबा उघडला नाही.

काल नुसती सुई काढली. दहा महिने एका जागी राहून तिला गंज धरला होता. काढल्यावर कापडावर तांबूस ठिपका राहिला, मोहरीएवढा. तो पुसायला माझा हात होईना. अर्धा तास तसाच गेला. मग ओल्या फडक्याने पुसला. गिऱ्हाइकाचा कोट आहे.

आज काडेपेटी उघडली. ह्यांनी मोजून अकराच धागे काढले होते, एकही जास्त नाही. म्हणजे एकही तुटून चालणार नव्हता. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर. शेजारच्या दोघी डबा बाजूला ठेवून बघायला लागल्या. खिडकीसमोर मळक्या चादरींचा ढीग होता. शिक्केवाली आली, तो ढीग पायाने बाजूला सारून गेली. उजेड वाढला.

पहिल्या तीन धाग्यांपर्यंत मला कळत होतं की इथे ह्यांचं संपलं आणि इथे माझं सुरू झालं. ह्यांचा ताण किंचित सैल असायचा, माझा घट्ट. चौथ्या धाग्यापासून मी हात सैल सोडला. अकरावा ओढून घेतला, कापड बोटांत चोळलं, ह्यांची सवय होती तसंच. मग बघितलं तर काहीच सापडेना. ह्यांचंही नाही, माझंही नाही. नुसता कोट.

मावशीने विचारलं, "झालं?"

म्हटलं, "गेलं."

६ डिसेंबर, शनिवार

साडेनऊला जागेवर पोचले. पायरी झाडून ठेवलेली, माझी सुई-दोऱ्यांची पेटी बाहेर काढून मांडलेली. फळा आणि स्टूल चावीवाल्यांच्या जागेवर परत गेले होते. समोर पट्टेवाला नव्हता. चावीवाल्यांनी दाढी केली होती.

दहाला पाच मिनिटं कमी असताना ड्रायव्हर आला. ह्यांच्याच वयाचा, हातात गाडीची किल्ली. मला बघून थबकला.

"रफूवाले उस्ताद?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तो वरच्या पायरीवर मटकन बसला. मी वाचायला बसायची तिथेच.

"कधी?"

"फेब्रुवारीत."

"मी कोट दिला त्यानंतर?"

मी मान हलवली. किती तासांनी ते सांगितलं नाही.

त्याने कोट हातात घेतला. आधी उजवी बाही बघितली, मग डावी. आतून हात घालून उजेडाकडे धरली. बोटाने चाचपली. मान हलवत म्हणाला, "उस्तादांसारखा हात नाही. हे त्यांचंच काम. आता कुणाला जमत नाही असं."

चावीवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. ते काही बोलतील अशी भीती वाटली, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही. पण आज राहिलं.

"शेवटचंच असेल ना हे त्यांचं?" ड्रायव्हर म्हणाला. "बरं झालं, हातातलं काम पुरं करून गेले. अर्धं टाकून जाणारा माणूसच नव्हता तो."

मी म्हटलं, "हो. पुरं करूनच गेले."

उभा राहून त्याने कोट अंगात चढवला. बटणं आता कशीबशीच लागत होती, परगावी खाणं चांगलं असावं. जाता जाता वळून म्हणाला, "बाई, भोक नक्की होतं कुठे हो? मलाही सापडत नाही."

"मलाही नाही आठवत आता," मी म्हटलं.

बाराच्या आत कोठारात परतले. शिक्केवालीने विचारलं, "मोजले गठ्ठे?" म्हटलं, "मोजले, मॅडम. सगळे बरोबर आहेत." दुपारी लाल दोऱ्याने बावीस चादरी शिवल्या.

७ डिसेंबर, रविवार

आज जागेवर जायचं कारण नव्हतं. कोट गेला. एक जानेवारीपासून नोकरी कायम होईल असं शिक्केवाली म्हणाली आहे. लेक तर म्हणतेच, ती जागा सोडून दे. म्हटलं, एवढं एकदा चावीवाल्यांना सांगून यावं, की फळा खुशाल इथे लावा, किल्ल्यांना ऊन मिळू दे.

गेले. पायरी आजही झाडलेली. मांडीवर काही नाही, पिशवी हलकी. दोन गिऱ्हाइकं झाली. दुपारी डबा खाल्ला. कोपऱ्यावरच्या चहावालीने पुडीत बिस्किटं दिली, ती पुडी कुठल्या तरी गोष्टीचं पान होतं, वरून अर्धं आणि खालून अर्धं.

चावीवाल्यांचं मशीन बंद झालं.

मी बघितलं, तर त्यांच्यासमोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकाच्या हातात कुलूप होतं. चावीवाले त्याला म्हणत होते, "दहा मिनिटं थांबा. आत्ता मशीन चालत नाही."

"बिघडलंय का, भावजी?" मी विचारलं.

ते म्हणाले, "नाही, वहिनी." आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले.

पान मधूनच सुरू होत होतं. कुणीतरी स्टेशनवर कुणाची तरी वाट बघत होतं. मी वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी हळू आल्या, मग आवाज सुटला. शेवट पानावर नव्हता, तो जोडून दिला. गाडी उशिरा आली पण आली, असा. चावीवाले म्हणाले, "मग?" कुलूपवालाही म्हणाला, "मग काय झालं?" खालच्या पायरीवरून टाका दिसतोय म्हणायला कुणी नव्हतं. फळ्याचं सांगायचं राहूनच गेलं. पुढच्या रविवारी बघू.

येताना रस्ताभर थंडीच्या कोटातली माणसं होती. आज कुणाच्या बाह्या बघितल्या नाहीत.

ड्रायव्हरला मी म्हटलं, मला आठवत नाही. ते खोटं होतं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही गिऱ्हाइकाच्या हाती पडायची नाही.

डावी बाही. कोपराच्या वर चार बोटं.